उलटा आटा : खाऱ्या वाऱ्यात अडकलेल्या एका नटाचा इतिहास

गणेशचतुर्थीच्या आधीच्या दोन-तीन रात्री मुंबई-गोवा महामार्गावरून कोकणात उतरणाऱ्या गाड्यांची रांग वडखळ, इंदापूर, माणगाव या टप्प्यांत तुंबते. गाडी पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने सरकत असते. इंजिन मात्र अखंड चालू असते. समोरून येणारा वारा नसल्यामुळे रेडिएटरमधले पाणी थंड करण्याचा सारा भार इंजिनच्या पंख्यावर येतो. अशा वेळी तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे झुकू लागला, तर अनुभवी चालक पाण्याची पातळी पाहून झाल्यावर त्या पंख्याच्या मध्यभागी असलेल्या चपट्या, पन्हाळीदार डब्याकडे पाहतो. हा डबा म्हणजे फॅन क्लच. तो ज्या दांड्यावर बसतो, तो पाण्याच्या पंपाचा दांडा. आणि त्या पंपाला महाराष्ट्रातल्या गॅरेजांत ‘वॉटर बॉडी’ म्हणतात.

क्लच निकामी झाला, तर नवा बसवणे हे अर्ध्या तासाचे काम. जुना काढणे हे मात्र अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या पट्ट्यात कधी अर्ध्या दिवसाचे, कधी दोन दिवसांचे काम होऊन बसते. नट हलत नाही. पाना निसटतो, बोटांची सालटी निघतात, कधी रेडिएटरच फुटतो. दोष गंजाला दिला जातो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. या एका नटात किमान तीन इतिहास एकमेकांत आवळले गेले आहेत : इंजिन थंड करण्याच्या युक्तीचा, स्क्रूच्या आट्यांचा आणि समुद्रकाठच्या लोखंडाचा. नट सोडवायचा तर हे तिन्ही थोडे उलगडावे लागतात.

पहिल्यापासून सुरुवात करू.

कार्ल बेन्झच्या १८८६ च्या तीनचाकीत पाणी थंड करण्याची खटपट फारशी नव्हतीच. पाणी उकळे, वाफ होऊन जाई आणि चालक वाटेत पुन्हा भरी. १९०१ च्या मर्सिडीजसाठी विल्हेल्म मायबाख यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर योजला आणि त्यामागे पंखा ठेवला. आजच्या रचनेचे मूळ तेथे आहे. तरीही पंप सर्वत्र लगेच आला नाही. १९०८ पासून विकल्या गेलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’त अगदी सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या, तर पाण्याचा पंपच नव्हता. गरम पाणी हलके होऊन वर चढते, थंड पाणी जड होऊन खाली उतरते, एवढ्या तत्त्वावर तिचे पाणी फिरे. पंखा होता, पण तो वेगळ्या कंसावर बसवलेला होता.

१९२७ च्या अखेरीस आलेल्या ‘मॉडेल ए’मध्ये फोर्डने पंप दिला आणि पंखा त्या पंपाच्याच दांड्यावर चढवला. एक पट्टा, एक पुली, एक दांडा; त्याच्या एका टोकाला पाणी ढकलणारी पाती, दुसऱ्या टोकाला हवा ओढणारी. ही काटकसर इतकी सोयीची होती, की पुढे अर्धे शतक जगभरच्या मोटारगाड्यांत हाच संसार चालला. त्याची किंमत एवढीच, की पंख्याचे वजन, त्याचा कंप आणि तो काढताना बसणारे घाव हे सारे पंपाच्या बेअरिंगला आणि सीलला सोसावे लागू लागले. आजही अडकलेला क्लच काढताना वॉटर बॉडी गळू लागते, ती या जुन्या लग्नामुळे.

हे यंत्र कुलाबा जिल्ह्यात (रायगड हे नाव १९८१ पासूनचे) सर्वसामान्य झाले ते स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. त्याआधी या किनाऱ्याचा मुंबईशी संबंध मुख्यतः पाण्यावरून होता. रेवस, धरमतर, मांडवा ही नावे बंदरांची म्हणूनच माहीत होती. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, यावरून त्या वाटेवर किती लोक विसंबून होते हे कळते. त्याच वर्षी मुंबईत माझगावला महिंद्रांनी सुट्या भागांतून विलीज जीप जुळवायला आरंभ केला. पुढच्या वर्षी, १ जून १९४८ रोजी, राज्य परिवहनची पहिली बस अहमदनगरहून पुण्याला गेली. वर्षभराच्या अंतरात घडलेल्या या तीन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही, पण त्यांच्यामधून किनाऱ्याची वाहतूक पाण्यावरून रस्त्यावर सरकताना दिसते. रस्त्यावर सरकली, म्हणजेच कार्ले खिंड, सुकेळी खिंड आणि पोलादपूरच्या पुढचा कशेडी घाट यांच्या चढावर आली.

त्या काळच्या जीपचा पंखा चार लहान बोल्टांनी पंपाच्या पुलीवर थेट आवळलेला असे. बोल्ट गंजला तर छिन्नीने डोके उडवायचे आणि नवा घालायचा. अडचण होती ती वेगळीच. पंखा फिरवायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. इंजिनाचे फेरे दुप्पट झाले, तर पंखा आठपट शक्ती खातो. घाटात कमी वेगाने चढताना त्याची गरज असते. सपाटीवर धावताना समोरचा वारा पुरेसा असतो आणि नेमका तेव्हाच पंखा सर्वाधिक इंधन गिळतो, शिवाय घोंघावतो. गरज असेल तेव्हाच पंखा इंजिनाशी जोडला जावा, एरवी सैल फिरावा, अशी युक्ती हवी होती.

ती युक्ती शक्य झाली ती सिलिकोन तेलामुळे. साध्या तेलाचा दाटपणा उष्णतेत झपाट्याने उतरतो. सिलिकोन तेलाचा फारसा उतरत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत या द्रवांचे औद्योगिक उत्पादन उभे राहिले. डाऊ कॉर्निंग ही कंपनी १९४३ ची. युद्धानंतरच्या दोन दशकांत अमेरिकी गाड्यांतून सिलिकोन तेलावर चालणारे फॅन क्लच रूढ झाले. रचना अशी : डब्यात बारीक खाचांच्या दोन तबकड्या समोरासमोर, पण एकमेकींना न टेकता बसवलेल्या असतात. एक पंपाच्या दांड्यावर, दुसरी पंख्याबरोबर. मध्ये तेल आले, की पहिली तबकडी दुसरीला तेलाच्या चिकटपणाने ओढून नेते. तेल किती यावे, हे डब्याच्या तोंडावरची एक लहानशी वळलेली पट्टी ठरवते. ती दोन धातूंची असते. रेडिएटरमधून गरम हवा आली की ती वळते आणि आतली झडप उघडते. ना वीज, ना तार.

१९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनाचा प्रत्येक थेंब मोजला जाऊ लागला, तशी ही रचना अधिक पसरली. भारतातल्या सामान्य प्रवाशाची तिच्याशी गाठ मुख्यतः १९९० नंतरच्या डिझेल गाड्यांतून पडली. सुमो १९९४ ची, सफारी १९९८ ची, बोलेरो २००० ची, स्कॉर्पिओ २००२ ची. या गाड्यांच्या अनेक आवृत्त्यांत असा पंखा होता. (सुमो हे नाव जपानी मल्लांवरून आलेले नाही. टेल्कोची उभारणी करणाऱ्या सुमंत मुळगावकर यांच्या नावातली पहिली अक्षरे जोडून ते झाले.) मारुती ८०० सारख्या छोट्या गाड्यांत हा क्लच सापडणार नाही. तेथे इंजिन आडवे बसवलेले असते, पुली रेडिएटरकडे तोंड करून नसतेच, म्हणून पंखा विजेवर चालतो. आजच्या अनेक तरुणांच्या घरच्या गाडीत हा नट नाही, याचे कारण एवढेच.

आता दुसरा इतिहास, आट्यांचा.

काही गाड्यांत क्लच चार बोल्टांवर बसतो. इतर पुष्कळ गाड्यांत मात्र पंपाच्या दांड्याच्या टोकालाच जाड आटे पाडलेले असतात आणि क्लचच्या मागचा मोठा षट्कोनी नट त्यांवर थेट फिरवून बसवलेला असतो. बहुधा ३२ किंवा ३६ मिलिमीटरचा. आणि हे आटे बहुतांशी उलटे असतात.

उलटे का, हे समजून घेण्यासाठी घरातला टेबल फॅन पुरतो. त्याच्या पात्यांना धरणारी मधली गुंडी नेहमीच्या दिशेने सोडवायला गेल्यास अधिकच घट्ट बसते. कारण सोपे आहे. दांडा पंख्याला पुढे ओढतो, हवा पंख्याला मागे खेचते. नट पंख्याचा भाग असल्याने तोही दांड्याच्या मानाने सतत मागे रेटला जातो. समोरून पाहता पंखा घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर हा रेटा घड्याळाच्या उलट दिशेला असतो. नेहमीचा सरळ आटा त्या दिशेला सुटतो. म्हणजे सरळ आट्याचा पंखा एखाद्या दिवशी गळून रेडिएटरमध्ये घुसला असता. आटा उलटा ठेवला, की हवेचा हाच रेटा नटाला आवळत राहतो. पट्ट्याच्या पाठीवर फिरणारी पुली असेल, तर पंप उलट फिरतो आणि मग आटा सरळ ठेवावा लागतो. दोन्ही ठिकाणी लागू पडणारा नियम एकच : पंखा ज्या दिशेने फिरतो, त्याच दिशेने नट फिरवला की तो सुटतो.

किती ‘अडकलेले’ क्लच या एका वाक्याअभावी अडकलेले असतात, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. पण तर्क स्पष्ट आहे. आट्याची दिशा न पाहता पान्याला चार फुटी पाइप लावून जोर केला, तर तो सारा जोर नट आवळण्यात जातो. गंजाने जेवढा धरला नसेल, तेवढा माणसाने धरलेला असतो. शिवाय घाटातल्या प्रत्येक फेरीत हवेने तो थोडा-थोडा आवळलेला असतोच. दहा वर्षे चाललेल्या गाडीचा नट कारखान्यातून निघाला तेव्हापेक्षा कितीतरी घट्ट असतो, तो कोणी आवळला म्हणून नव्हे.

पान्याच्या मापाचाही एक इतिहास आहे, आणि तो थेट बोटांच्या सालटांशी जोडलेला आहे. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडमध्ये ५५ अंशांच्या आट्याचे पहिले सर्वमान्य माप सुचवले. १८६४ मध्ये विल्यम सेलर्स यांनी अमेरिकेसाठी ६० अंशांचे वेगळे माप मांडले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी यंत्रांचे सुटे भाग एकमेकांना बसेनात, तेव्हा कुठे १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकत्रित मापाच्या करारावर सह्या केल्या. भारतात मात्र तोवर ब्रिटिश बनावटीच्या गाड्या होत्या, अमेरिकी मापांच्या जीप येत होत्या आणि १९५४ मध्ये टेल्कोने डाइम्लर-बेन्झशी करार केल्यावर जर्मन मिलिमीटरही आले. १९५६ च्या कायद्याने देशाने दशमान मापे स्वीकारली. गॅरेजने मात्र काहीच टाकून दिले नाही. मिस्त्रीच्या पेटीत तिन्ही घराण्यांचे पाने एकत्र नांदले. बोलण्यात टिकून राहिले ते आणखी जुने, सुताराचे माप : सूत. आठ सूत म्हणजे एक इंच.

दहा सुती पाना म्हणजे सव्वा इंच, अर्थात ३१.७५ मिलिमीटर. नट ३२ चा. फरक पाव मिलिमीटर. नटाच्या घडणीत थोडा उणेपणा असेल, तर हा पाना त्यावर चढतो आणि घट्ट बसतो. नसेल, तर चढतच नाही. मग हाताशी असलेला साडेदहा सुती लावला जातो. तो सहज चढतो, पण सव्वा मिलिमीटरहून अधिक सैल असतो. पहिल्या जोरातच नटाचे कोपरे गोल होतात आणि त्यानंतर त्याला कुठलाच पाना धरत नाही. नेमक्या मापाचा पाना पेटीत नसणे हे आळसाचे लक्षण मानले जाते. प्रत्यक्षात त्या पेटीत दोन साम्राज्यांची आणि एका प्रजासत्ताकाची मापे जमा झालेली असतात.

तिसरा इतिहास समुद्राचा.

लोखंड गंजते तेव्हा ते फुगते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाहून मोठे असल्यामुळे आट्यांमधली केसाएवढी फट भरून निघते आणि नट व दांडा जवळजवळ एकजीव होतात. हवेत मीठ असेल, तर हे काम अनेक पटींनी लवकर होते. मीठ ओल धरून ठेवते आणि ती ओल वीज वाहून नेते. मांडव्याला मार्च २०२० पासून रो-रो बोटीतून गाड्या उतरतात. आगरदांडा-दिघी आणि बागमांडला-वेश्वीच्या जेट्ट्यांवरही गाड्या बोटीवर चढतात. नागाव, काशिदच्या वाळूत हौसेने गाडी घालणारे पर्यटक तर आहेतच. पाण्यात बुडणे मुळीच आवश्यक नसते. पंखा स्वतःच खारी हवा ओढून घेत असतो, आणि ती सर्वप्रथम जाते ती त्याच्या नटावरून.

या किनाऱ्याला हे नवे नाही. भरतीच्या पाण्यात उभ्या असलेल्या कुलाबा किल्ल्याच्या तटात प्रचंड चिरे चुन्याविना, नुसते एकमेकांवर रचलेले दिसतात; लाटेचा जोर सांध्यांतून जिरावा, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. आंग्र्यांची गुराबे आणि गलबते सागवानी होती, आणि सागाचे तेलकट लाकूड आतल्या लोखंडी खिळ्यांना सांभाळते, तर युरोपातले ओकचे आम्लयुक्त लाकूड त्यांना खाते, हा फरक पुढे ब्रिटिशांनीही ओळखला. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही १८१७ ची युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये पाण्यावर आहे.

पण अडकलेल्या क्लचवर सर्वांत जास्त प्रकाश टाकणारी घटना दूरच्या समुद्रातली आहे. १७६१ मध्ये ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ या नौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. किडे आणि शेवाळ यांपासून लाकूड वाचवण्यासाठी. वेस्ट इंडीजची सफर करून आल्यावर १७६३ मध्ये तपासणी झाली, तेव्हा तळ चांगला होता, पण तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे खाऊन गेले होते. काही खिळे मात्र धडधाकट होते. पाहता-पाहता कारण सापडले : पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद काही ठिकाणी तसाच राहून गेला होता, आणि जेथे कागद तांबे व लोखंड यांच्या मध्ये होता, तेथे लोखंड शाबूत होते. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात टेकले, की त्यांची आपोआप एक विद्युतघट तयार होते आणि त्यांतला एक झिजतो, हे शास्त्र हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये प्रयोगांनी मांडले. कागदाने ते साठ वर्षे आधी सांगितले होते.

फॅन क्लचचा डबा ॲल्युमिनियमचा आणि त्यातून जाणारे बोल्ट पोलादाचे. येथे बळी जातो तो ॲल्युमिनियमचा. त्याची पांढरी भुकटी बोल्टाभोवती साचून त्याला जागीच पकडते. मोठ्या नटाशी पोलादावर पोलाद असते. तेथे तांबडा गंज. दोन रंगांचे दोन आजार एकाच ठिकाणी. त्यात सावित्रीचा पूर आला, जसा २२ जुलै २०२१ रोजी महाडमध्ये आला, की बुडालेल्या गाड्यांच्या आट्यांत बारीक गाळही शिरतो.

एवढे माहीत झाल्यावर काढण्याची रीत फारशी गूढ उरत नाही. तिच्यातली प्रत्येक पायरी वरच्या तीनपैकी एखाद्या इतिहासाला दिलेले उत्तर असते.

इंजिन पूर्ण थंड हवे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडून भाजलेल्यांची संख्या कमी नाही. बॅटरीची तार सोडायची. बंद इंजिनावर पंखा हाताने फिरवून पाहायचा. अगदी भिंगरीसारखा फिरला आणि डब्याभोवती तेलाचे ओघळ दिसले, तर तेल गळून गेले आहे. मुळीच सुटा फिरत नसेल, तर आतून जाम आहे. मग पंख्याभोवतीचे कव्हर सैल करायचे आणि रेडिएटरच्या पुढ्यात जाड पुठ्ठा उभा करायचा. नट अचानक सुटला की पाती थेट रेडिएटरच्या नाजूक जाळीवर आदळतात. पुठ्ठ्याचा तुकडा फुकट मिळतो, रेडिएटर मिळत नाही.

पट्टा इतक्यात काढायचा नाही, ही चूक नवशिके हमखास करतात. ताणलेला पट्टाच पुलीला धरून ठेवतो. तो पुरला नाही, तर पुलीच्या दोन बोल्टांमध्ये लोखंडी पट्टी अडकवायची किंवा जुना पट्टा पुलीला गुंडाळून आवळायचा. पंख्याची पाती धरून जोर कधीच करायचा नाही. प्लास्टिकचे पाते एकदा चिरले, की ते पुढे वेगात तुटून उडते.

आट्यांवर गंज सोडवणारे तेल सोडायचे आणि थांबायचे. हे थांबणे सर्वांत कठीण असते. अशा तेलांपैकी जगभर प्रसिद्ध झालेले डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत बनले. ॲटलस क्षेपणास्त्राच्या कवचाला ओल आणि गंज यांपासून जपण्यासाठी. पाणी हटवणारे मिश्रण चाळिसाव्या प्रयत्नात साधले, म्हणून नावात ४०. आपल्याकडे त्या जागी रॉकेल आणि डिझेल वर्षानुवर्षे वापरले गेले. तेल कोणतेही असो, ते केसाएवढ्या फटीतून आत झिरपायला तास लागतात. संध्याकाळी तेल सोडून सकाळी हात लावणारा मिस्त्री बहुधा दहा मिनिटांत मोकळा होतो.

नंतर नेमक्या मापाचा, पातळ तोंडाचा, लांब दांड्याचा पाना, आणि त्याच्या टोकावर पंखा फिरतो त्या दिशेने हातोड्याचा एकच, कोरडा, झटक्याचा घाव. येथे हळूहळू वाढवलेल्या जोरापेक्षा झटका सरस ठरतो. संथ जोराला पुली सरकून दाद देते, पाना वाकून दाद देतो; झटक्याला सरकायला वेळच मिळत नाही, आणि ठिसूळ गंज तडकतो. घाव दांड्याच्या टोकावर, आतल्या दिशेने मात्र कधीही घालायचा नाही. पंपाचे बेअरिंग आणि सील त्याच रेषेत बसलेले असतात.

तरी हलला नाही, तर उष्णता. ही लोहाराची जुनी विद्या आहे. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोखंडी कडे लालबुंद तापवून फुगवतात, चाकावर बसवतात आणि पाणी ओतून आवळतात. नट तापवला तर तोही दांड्याहून आधी फुगतो आणि गंजाची पकड सुटते. पण येथे धावेइतकी मुभा नाही. डब्यात बंद तेल आहे, मागे पंपाचे रबरी सील आहे आणि आट्यांवर नुकतेच सोडलेले ज्वलनशील तेल आहे. ते पुसून, फक्त नटापुरती, थोडा वेळ, आणि क्लच तसाही टाकायचाच असेल, तेव्हाच ज्योत लावणे शहाणपणाचे.

कोपरे गोल झालेल्या नटासाठी दोनच वाटा उरतात. एक, कटरने नटाच्या सपाट बाजूवर खाच पाडून छिन्नीने तो फोडायचा. दांड्याच्या आट्यांना पाते लागता कामा नये. दुसरी, पाणी काढून वॉटर बॉडी क्लचसकट खाली उतरवायची आणि बाकावरच्या व्हाइसमध्ये धरून शांतपणे सोडवायची. पंप जुना असेल, तर ही दुसरी वाट निःसंशय बरी. तो लवकरच बदलावा लागणार असतो, आणि अरुंद जागेत वाकून घातलेले घाव त्याचे उरलेले आयुष्य खातातच. पंपाचे लहान बोल्ट मात्र याच वाऱ्यात गंजलेले असतात. त्यांतला एखादा ब्लॉकमध्येच मोडला, तर अर्ध्या दिवसाचे काम तीन दिवसांवर जाते.

सप्टेंबर २०२३ मध्ये, गणपतीच्या तोंडावर, कशेडीच्या बोगद्याची एक मार्गिका लहान वाहनांसाठी खुली झाली आणि ज्या चढाने इतक्या पिढ्यांची इंजिने तापवली, तो त्यांच्यापुरता टळला. नव्या गाड्यांत विजेचे पंखे आणि संगणकाने चालवलेले क्लच आले आहेत. जुन्या बोलेरो आणि सुमो मात्र रोहा, म्हसळा, श्रीवर्धनच्या रस्त्यांवर अजून माणसे, मासळी आणि आंब्याच्या पेट्या वाहत आहेत. त्यांच्या दांड्यांवर नवे क्लच चढतच राहणार.

नवा क्लच फळीवर उभा ठेवायचा असतो. आडवा ठेवला, तर आतले तेल बेअरिंगच्या बाजूने झिरपते. दांड्याचे आटे तारेच्या ब्रशने घासून त्यांवर ग्रीसचा पातळ थर द्यायचा. ‘अलार्म’च्या तळाशी जे काम तपकिरी कागदाने केले, तेच येथे ग्रीस करते. नट आधी बोटांनी, उलट दिशेला, तीन-चार फेरे सहज फिरला पाहिजे. त्यानंतर पान्याने एकदाच, बेताचा जोर. पुढचे आवळण्याचे काम पहिल्याच चढावर पंखा स्वतः करतो.